श्वासाचा रकाना

रात्रीचे आठ वाजले की मिरजेतल्या एका ३० खाटांच्या खासगी रुग्णालयात ‘ओव्हर’ सुरू होते. दिवसपाळीची सिस्टर फाइल घेऊन एकेका खाटेपाशी थांबते आणि रात्रपाळीच्या सिस्टरला सांगत जाते. त्या शनिवारीही तसंच चाललं होतं. चार नंबर, अपेंडिक्स, दुसरा दिवस, अजून गॅस पास नाही. सात नंबर, शुगर, दहा वाजता तपासायची. बारा नंबर, आजोबा, हर्नियाचं ऑपरेशन परवा झालं, ताप नाही, तब्येत ठीक. दोघींच्या मागे दोन पावलांवर एक मुलगी उभी होती. तिला कुणी काही सांगत नव्हतं, पण ती कान देऊन ऐकत होती आणि एप्रनच्या खिशातल्या चिमुकल्या वहीत लिहून घेत होती. चार नंबरला धरून चालवायचं. नऊ नंबरची कूस दहा, बारा, दोन, चार आणि सहाला बदलायची.

कागदोपत्री ती तेव्हा ‘नर्सिंग असिस्टंट’. पेशंट तिला सिस्टर म्हणायचे, सिस्टर नावानं हाक मारायच्या आणि घाईतले डॉक्टर ‘अगं ए’ म्हणायचे. शनिवार आणि रविवार अशा दोन रात्री ती इथं काम करायची. सोमवारी सकाळी तोंडावर पाणी मारून, एप्रन बदलून ती कॉलेजला जायची. तिथं ती जीएनएम या नर्सिंगच्या अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी असायची.

या वाटेला ती लागली ती बारावीनंतर. आईवडील तासगाव भागातल्या द्राक्षबागांत मजुरी करणारे. ऑक्टोबरची छाटणी आली की घरात पैसा दिसायचा, हंगाम सरला की उसनवारी सुरू. बारावी कला शाखेतून झाली होती. जीएनएमला कोणत्याही शाखेची मुलगी चालते, इंग्रजी विषय आणि किमान ४० टक्के गुण लागतात, हे तिला माहीत होतं. पण फी, होस्टेल, गणवेश आणि पुस्तकांचा हिशेब घरात बसत नव्हता. तेव्हा गावातल्या एका ओळखीच्या बाईंनी सुचवलं, मिरजेत दवाखान्यात माणसं लागतात, दोन वर्षं काम कर, पैसे साठव, मग बघू. पगार महिना ७ हजार. पाळी १२ तासांची.

मिरज हे दवाखान्यांचं गाव. १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी इथं मिशनचं रुग्णालय सुरू केलं. रेल्वेच्या जंक्शनमुळे कर्नाटकातले पेशंट थेट इथं उतरू लागले. १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं, आणि या दोन्हींच्या भोवती खासगी दवाखान्यांची दाटी झाली. आजही अथणी, कागवाड, रायबाग, जमखंडीकडची माणसं इथं येतात, त्यामुळे वॉर्डात मराठीच्या बरोबरीनं कन्नड ऐकू येतं. पहिल्याच आठवड्यात तिनं तीन गोष्टी पाठ केल्या. ‘एल्लि नोवू?’ म्हणजे कुठं दुखतंय. ‘नीरु’ म्हणजे पाणी. ‘साकु’ म्हणजे पुरे. रात्रीच्या वॉर्डात एवढ्या शब्दांवर बरंच काम भागतं.

शिकवायला तिथं कुणी नेमलेलं नव्हतं. शिकवलं ते थोरल्या मावशींनी. मावशींची त्या दवाखान्यात २० वर्षं झालेली, शिक्षण चौथी. अंथरूण घालण्यापासून त्यांनी सुरुवात केली. पेशंट खाटेवर असतानाच चादर बदलायची ती कशी, एका कुशीला घेऊन अर्धी चादर गुंडाळत न्यायची, दुसऱ्या कुशीला घेऊन ओढून घ्यायची. “चादर ताणली की हात फिरवून बघायचा,” मावशी म्हणायच्या. “तुला सुरकुती लागली न्हाई, तर त्याच्या पाठीला लागत न्हाई. बिस्किटाचा कण सुदीक राहू द्यायचा न्हाई.” हात आधी एकमेकांवर चोळून ऊन करायचा, मग पाठीला लावायचा. बेडपॅन गार असला तर गरम पाण्यानं विसळून घ्यायचा. अंग पुसताना जेवढा भाग पुसायचा तेवढाच उघडा ठेवायचा. लकवा झालेल्या माणसाला भरवताना पाठ ताठ करून बसवायचं, हनुवटी जराशी खाली घ्यायला लावायची आणि गिळल्याची खात्री झाल्याशिवाय दुसरा घास द्यायचा नाही. उचलताना कंबरेत वाकायचं नाही, गुडघ्यात वाकायचं.

बेडपॅनची किळस तिला पहिल्या दिवशी आली, दुसऱ्या दिवशी आली आणि नंतर कधी गेली ते समजलंही नाही. अवघड होतं ते दुसरंच. ७० वर्षांच्या माणसाला नातीच्या वयाच्या पोरीपुढे नागवं व्हावं लागतं, तेव्हा तो भिंतीकडे तोंड करतो. त्या क्षणी काय बोलायचं? मावशी अशा वेळी शेतीवर बोलायच्या. “ऊस किती एकरात हाय, आजोबा?” हात काम करत राहायचे आणि आजोबा उसाचा भाव सांगत राहायचे. ही युक्ती ती पाहून शिकली, आणि पुढे तिला स्वतःचे प्रश्न सुचू लागले. द्राक्षांचं तर तिला घरचंच ज्ञान होतं.

नोकरीला सहा महिने झाले होते तेव्हा अथणीकडच्या एक अज्जी आल्या. खुब्याचं हाड मोडलेलं, ऑपरेशन झालेलं. दोन पायांच्या मध्ये उशी ठेवायची आणि पाय एकमेकांवर जाऊ द्यायचे नाहीत, एवढी सूचना मिळाली होती. अज्जींना कूस बदलायची धास्ती. हात लावला की ‘नोवू, नोवू’ म्हणून ओरडायच्या. घरच्यांना वाटायचं, कशाला त्रास देता, झोपू द्या की. दोन रात्री त्यांना उताणंच राहू दिलं गेलं. तिसऱ्या रात्री मावशींनी अज्जींच्या माकडहाडावर उलटा हात ठेवला आणि तिचा हात ओढून तिथं लावला. “बघ. बाकीच्या पाठीपेक्षा गरम लागतंय का न्हाई? आणि दाबून बघ, घट झालंय.” डोळ्यांना काही दिसत नव्हतं. सावळ्या कातडीवर रंग फारसा बदललेला नव्हता. पण हाताला फरक कळत होता. त्या रात्रीपासून दोघी मिळून दर दोन तासांनी अज्जींना वळवू लागल्या. पोटऱ्यांखाली उशी घालून टाचा अधांतरी ठेवू लागल्या. आठवड्यानं ती जागा निवली. अज्जी वॉकर धरून घरी गेल्या.

कूस बदलणं हे काम दवाखान्यात कुणी मोजत नाही. त्याचं बिल होत नाही. पण ते न केल्याची शिक्षा फार मोठी असते. हाडाच्या उंचवट्यावर अंगाचा भार तासन्‌तास पडला की त्या जागच्या बारीक रक्तवाहिन्या दबतात, कातडीला रक्त मिळेनासं होतं आणि आतून मांस मरायला लागतं. वर जखम दिसते तेव्हा आत खड्डा पडलेला असतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ मधल्या आपल्या पुस्तकात अशा जखमेचा दोष सहसा आजाराचा नसून शुश्रूषेचा असतो, असं बजावलं होतं. आणि शुश्रूषा चोख असेल तर काय होतं, याचं सर्वांत मोठं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलं आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात २७ नोव्हेंबर १९७३ रोजी अरुणा शानबाग या परिचारिकेवर हल्ला झाला. १८ मे २०१५ रोजी त्यांचं निधन होईपर्यंत जवळपास ४२ वर्षं त्या त्याच रुग्णालयात अंथरुणावर होत्या. त्यांच्या दयामरणाच्या अर्जावर २०११ मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयानं आवर्जून नोंदवलं, की एवढ्या वर्षांत त्यांच्या अंगावर एकही बेडसोर झालेला नाही. परिचारिकांच्या पिढ्या निवृत्त झाल्या, नव्या आल्या, आणि कूस बदलण्याचं काम एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिलं.

दोन वर्षं भरली, पैसे जेमतेम साठले आणि तिला जीएनएमला प्रवेश मिळाला. तीन वर्षांचा अभ्यासक्रम. पहिल्या वर्षाला शरीररचना, सूक्ष्मजीवशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र, शुश्रूषेची मूलतत्त्वं, प्रथमोपचार, सामुदायिक आरोग्य. पुस्तकं इंग्रजी. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला एक पान वाचायला एक संध्याकाळ लागायची. शेजारी डिक्शनरी, वहीत शब्दांची रांग. नोकरी पूर्ण सोडणं परवडणारं नव्हतं, म्हणून तिनं दवाखान्याच्या मालकांना विनवून दोन रात्री मागून घेतल्या.

वर्गात एक विचित्र गोष्ट घडू लागली. बाई शिकवायच्या ते बरंचसं तिच्या हातांना आधीच माहीत असायचं. नाव तेवढं माहीत नसायचं. बेडसोरच्या धड्यात पहिली पायरी लिहिलेली होती : लाल झालेली जागा, बोट दाबलं तरी पांढरी न पडणारी. पुस्तकातलं चित्र गोऱ्या कातडीचं होतं. तिनं हात वर केला आणि विचारलं, “मॅडम, सावळ्या पेशंटचं लाल दिसत नाही. तिथं गरम लागतं का, कडक लागतं का, हे बघायचं ना?” मॅडम थांबल्या. मग म्हणाल्या, बरोबर आहे, आणि सगळ्या वर्गाला ते लिहून घ्यायला सांगितलं. चौथी शिकलेल्या मावशींचं वाक्य त्या दिवशी ४० मुलींच्या वह्यांत उतरलं.

त्याच धड्यानं पुढच्या परिच्छेदात तिची झोप उडवली. लाल झालेली किंवा घट्ट झालेली जागा चोळू नये, चोळल्यानं आतल्या नाजूक रक्तवाहिन्यांना आणखी इजा होते, असं तिथं लिहिलं होतं. मावशी अशी जागा दिसली की स्पिरिट आणि पावडर लावून खसाखसा चोळायच्या. तिनंही दोन वर्षं तेच केलं होतं, जीव लावून केलं होतं.

शनिवारी रात्री दोघी एका पेशंटची पाठ पुसत होत्या. मावशींचा हात पावडरीच्या डब्याकडे गेला तशी ती चाचरत म्हणाली, “मावशी, एक सांगू? कॉलेजात सांगितलंय, भार पडून गरम झालेली जागा चोळायची नाही म्हणून. आजूबाजूला हलका हात फिरवायचा, त्या जागेचा भार तेवढा काढायचा.” मावशींनी तिच्याकडे पाहिलं. “वीस वर्सं चोळतोय आम्ही.” थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग डबा ठेवून दिला. “कारण सांग मला. नुसतं मॅडम म्हणतात म्हणून नगं.” तिनं कारण सांगितलं, रक्तवाहिन्या कशा दबतात, चोळलं की कशा फुटतात. मावशी ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, “मग आधी कुणी सांगितलं न्हाई आम्हास्नी.”

हे वाक्य तिच्या मनातून गेलं नाही. २० वर्षांत किती डॉक्टर, किती सिस्टर मावशींच्या शेजारून गेल्या असतील. पाठ चोळताना पाहिलं सगळ्यांनी, सांगितलं कुणीच नाही.

शिकता शिकता तिला वॉर्ड नव्यानं दिसू लागला. पहिली दोन वर्षं सलाइनची बाटली म्हणजे संपत आली की सिस्टरला हाक मारायची वस्तू होती. आता ती थेंब मोजू लागली. ५०० मिलिलिटर सलाइन आठ तासांत द्यायचं, एका मिलिलिटरला २० थेंब, म्हणजे १० हजार थेंब ४८० मिनिटांत, मिनिटाला साधारण २१. हे गणित वर्गात सोडवलं त्या रात्री ती प्रत्येक खाटेपाशी घड्याळ धरून उभी राहिली. एका ठिकाणी नातेवाइकानं ‘लवकर संपू दे’ म्हणून चाक फिरवून ठेवलं होतं, थेंबांची धार लागली होती. तिनं ताबडतोब सिस्टरला बोलावलं.

लघवीच्या पिशवीचंही तसंच. सकाळी सहाला युरोबॅग बादलीत मोकळी करायची आणि बादली ओतून द्यायची, एवढंच काम ती समजत होती. किती झाली असं विचारलं तर ‘चांगली झाली’ असं सांगायची. मोठ्या माणसाला दर किलो वजनामागे तासाला निदान अर्धा मिलिलिटर लघवी व्हायला हवी, म्हणजे ६० किलोच्या माणसाला तासाला ३०, हे कळल्यावर तिला तिनं आजवर न मोजता ओतून दिलेल्या सगळ्या पिशव्या आठवल्या. मूत्रपिंडं थकत चालल्याची पहिली खबर त्या पिशवीत असते. तिनं स्वतःच्या पैशानं खुणा असलेला एक मोजण्याचा मग आणला आणि तो बाथरूमच्या खिळ्याला अडकवून ठेवला.

आणि मग श्वास.

प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी एक तक्ता असतो. तापमान, नाडी, श्वास, रक्तदाब. त्यातला श्वासाचा रकाना चाळून पाहावा. पुष्कळ दवाखान्यांत तिथं वरपासून खालपर्यंत एकच आकडा उतरलेला दिसतो, २०. तापाला थर्मामीटर आहे, नाडीला बोटाला लावायचं यंत्र आहे, रक्तदाबाला मशिन आहे. श्वास मोजायला मात्र माणसालाच एक मिनिट उभं राहावं लागतं, आणि ते मिनिट कुणाकडे नसतं. सिस्टरच्या सांगण्यावरून तक्ते भरताना तिनंही दोन वर्षं २० लिहिलं होतं. तिला वाटायचं, तो आकडा तसाच लिहायचा असतो.

वर्गात बाईंनी श्वास मोजायची रीत दाखवली. पेशंटला सांगायचं नाही, कारण सांगितलं की माणूस श्वास बदलतो. नाडी बघतोय असं दाखवून मनगट धरून ठेवायचं, तोच हात त्याच्या छातीवर टेकवायचा आणि पूर्ण मिनिटभर छातीचं वरखाली होणं मोजायचं. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला १२ ते २०. तब्येत बिघडायला लागली की बहुतेकदा सर्वांत आधी हाच आकडा हलतो, ताप आणि रक्तदाब मागाहून. ब्रिटनमध्ये २०१२ पासून पेशंटच्या धोक्याची जी गुणपद्धत वापरतात, तिच्यात श्वास २५ किंवा त्याहून जास्त झाला तर एकट्या त्या आकड्याला सर्वाधिक, म्हणजे तीन गुण मिळतात.

सुरुवातीला सांगितलेल्या त्या शनिवारी रात्री दोन वाजता ती बारा नंबरपाशी आली. नऊ नंबरची कूस बदलून झाली होती. आजोबा जागे होते, उशीला टेकून बसले होते. “आडवं व्हायला बरं वाटेना,” म्हणाले. अंग गार होतं, ताप नव्हता. तक्त्यावर दहा वाजता लिहिलेलं होतं, श्वास २०. तिनं त्यांचं मनगट धरलं, हात छातीवर टेकवला आणि भिंतीवरच्या घड्याळाच्या काट्याकडे पाहत मोजायला लागली. बोलता बोलता आजोबा प्रत्येक तीन शब्दांनंतर थांबत होते. ३२. तिनं पुन्हा एक मिनिट मोजलं. ३२.

सिस्टर औषधांच्या ट्रेपाशी होत्या. “सिस्टर, बाराच्या आजोबांचा श्वास ३२ आहे. दोनदा मोजला.” सिस्टर म्हणाल्या, “ताप आहे का? बीपी?” दोन्ही ठीक होतं. एक क्षण असा गेला की हे प्रकरण इथंच थांबेल असं तिला वाटलं. पण सिस्टर उठल्या, आल्या, स्वतः छातीवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि मग डॉक्टरांना फोन केला. ऑक्सिजन लागला. छातीच्या फोटोत न्यूमोनिया निघाला. पहाटे पाचला आजोबांना मोठ्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात हलवलं. ११ दिवसांनी ते घरी गेले.

या गोष्टीत तिच्यापेक्षा त्या सिस्टरचं मोल कमी नाही. असिस्टंट मुलीनं सांगितलेला आकडा त्यांनी झटकून टाकला नाही. अनेक ठिकाणी तो झटकला जातो. रात्रीत पेशंटजवळ सर्वांत जास्त वेळ असते ती मावशी, आणि सर्वांत कमी ऐकलं जातं ते तिचंच. तिनं सांगितलेली गोष्ट फाइलीत जात नाही, कारण तिच्यासाठी फाइलीत जागाच नाही.

पण उलट बाजूही आहे, आणि ती सांगितल्याशिवाय हे लिहिणं प्रामाणिक होणार नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी, १९ वर्षांची असताना, एका धांदलीच्या रात्री तिच्या हातात भरलेली सिरिंज देऊन ‘तीन नंबरच्या सलाइनमधून हळूहळू ढकल’ असं सांगण्यात आलं होतं. तिनं ढकलली. पेशंटला काही झालं नाही. तिला उलट अभिमान वाटला, आपल्यावर विश्वास टाकला म्हणून. दीड-दोन वर्षांनी वर्गात पोटॅशियम क्लोराइडचा धडा आला. ते कधीही सरळ शिरेत ढकलायचं नाही, पातळ करून सावकाश द्यायचं, सरळ दिलं तर हृदय बंद पडू शकतं. तिला घाम फुटला. त्या रात्रीच्या सिरिंजमध्ये काय होतं, हे तिला आजही माहीत नाही. तेव्हा विचारायचं असतं, हेच ठाऊक नव्हतं.

तेव्हापासून तिनं स्वतःला रेघ आखून घेतली. पुसणं, वळवणं, भरवणं, मोजणं, पाहणं आणि सांगणं हे तिचं काम. इंजेक्शन आणि औषध हे नोंदणी झालेल्या नर्सचं. नाही म्हणायला हिंमत लागते. दोनदा तिला ऐकून घ्यावं लागलं, “शिकतेस ना नर्सिंग, मग दे की.” ती म्हणाली, “शिकतेय म्हणूनच नाही देत.” अशा मुलींना इंजेक्शन द्यायला लावणाऱ्या दवाखान्यांत नर्सचा पगार वाचतो, आणि चूक झाली तर तीच मुलगी पोलिसांपुढे एकटी उभी राहते. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन खाटांमागे एक आणि साध्या रुग्णालयात पाच खाटांमागे एक नर्स असा आहे. रात्रीच्या वॉर्डात ३० खाटांना एक सिस्टर असेल, तर तिनं तरी काय करावं? हाताखालच्या मुलीकडे सिरिंज जाते ती बहुतेकदा अशा वेळी.

दोन आयुष्यं एकत्र जगण्याची किंमत होतीच. सोमवारी पहिल्या तासाला डोळे मिटायचे. एकदा सूक्ष्मजीवशास्त्राच्या पेपरमध्ये तिनं एकच उत्तर दोनदा लिहिलं. दिवाळीला सगळ्या मुली घरी गेल्या तेव्हा ती जादा पाळ्या करत होती, कारण जानेवारीची फी भरायची होती. वर्गातल्या काही मुलींना ती मावशीचं काम करते हे कळलं तेव्हा त्यांनी डबा जरा लांब नेला. त्याच मुली वॉर्डच्या पोस्टिंगला पहिल्यांदा स्पंज बाथ द्यायला उभ्या राहिल्या तेव्हा हात थरथरत होते. तिनं पाण्यात कोपर बुडवून ऊन किती आहे ते पाहायला शिकवलं. मग डबे पुन्हा जवळ आले.

कॉलेजातल्या सरावाच्या पुतळ्यावर शिकता न येणारी एक गोष्ट तिला दवाखान्यानं शिकवली होती. माणूस गेल्यानंतरचं आवरणं. नळ्या काढायच्या, डोळे मिटवायचे, हनुवटीला पट्टी बांधायची, अंग स्वच्छ पुसायचं, केस विंचरायचे. मंगळसूत्र, बांगड्या, अंगठी घरच्यांसमोर काढून मोजून द्यायच्या आणि सही घ्यायची. मावशी हे करताना गेलेल्या माणसाशी बोलायच्या. “हात वर घेते हां, आज्जी.” पहिल्यांदा तिला ते विचित्र वाटलं होतं. जीएनएमच्या तिसऱ्या वर्षाला, पोस्टिंगमध्ये, एका बाईंचं शेवटचं आवरताना तिच्याही तोंडून तसंच निघालं. सोबतच्या विद्यार्थिनीनं तिच्याकडे पाहिलं, आणि मग तीही हळू आवाजात बोलू लागली.

तीन वर्षं पार पडली. परीक्षा झाली, महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी झाली. आता ती रजिस्टर्ड नर्स आणि रजिस्टर्ड मिडवाइफ आहे, औषधाच्या ट्रेची किल्ली तिच्याकडे असते. तिच्या वॉर्डात ओव्हर घेताना एक नवी रीत पडली आहे. मावशी आणि असिस्टंट मुली मागे उभ्या राहत नाहीत, वर्तुळात उभ्या राहतात. प्रत्येक खाटेपाशी सिस्टरांचं बोलून झालं की ती विचारते, “मावशी, तुम्हाला काय वाटतंय?” कधी उत्तर येतं, ठीक हाय. कधी येतं, “काल बोलत होता, आज गप हाय बघा.” हे ती फाइलीत लिहिते, मावशीच्या शब्दांत.

अमेरिकेत वृद्धांच्या शुश्रूषागृहात काम करणाऱ्या साहाय्यकाला किमान ७५ तासांचं प्रशिक्षण द्यावंच लागतं, त्यातले १६ तास प्रत्यक्ष देखरेखीखाली. १९८७ च्या केंद्रीय कायद्यानं ते बंधन घातलं आहे. आपल्याकडे ‘जनरल ड्युटी असिस्टंट’सारखे कौशल्य अभ्यासक्रम आहेत, पण गल्लीतल्या दवाखान्यात किंवा ब्युरोमार्फत घरी पेशंट सांभाळायला येणाऱ्या बहुतेक बायका काही न शिकता कामाला लागतात आणि मावशींसारख्या एखादीकडून जमेल तसं उचलतात. त्यांना ७५ तास शिकवणं एवढं अवघड नाही. कूस कशी बदलायची, गरम जागा का चोळायची नाही, लघवी कशी मोजायची, श्वास कसा मोजायचा आणि कोणत्या गोष्टीला हात लावायचा नाही. प्रत्येक रुग्णालयानं आठवड्यातला एक तास यासाठी काढला तर दीड वर्षात हे पुरं होईल. त्यांच्यातली एखादी मुलगी पुढे शिकायचं म्हणाली तर तिला सोयीच्या पाळ्या द्याव्यात, परीक्षेच्या आठवड्यात रजा द्यावी. तेवढ्यानंही एक नर्स तयार होते.

आणि ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, त्यांना एक विनंती. रात्रपाळीची बाई सकाळी निघते तेव्हा ‘झोप लागली का बाबांना?’ एवढंच विचारून दार लावू नका. तिला दोन मिनिटं बसवा, चहा द्या आणि रात्री तिनं काय पाहिलं ते विचारा. ती सांगेल ते तारीख घालून वहीत लिहून ठेवा आणि डॉक्टर येतील तेव्हा ती वही त्यांच्यापुढे धरा.